घर, चर्च, शाळा : धाराशिवमध्ये हा त्रिकोण जुळतो का?

पेटची तयारी करणारे मित्रमैत्रिणी सिनॉप्सिस वाचायला पाठवतात, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. विषय चांगला असतो, जिल्हा ठरलेला असतो, नमुना निवडही लिहिलेली असते. आणि 'संकल्पनात्मक चौकट' या मथळ्याखाली कुठल्यातरी मोठ्या दस्तऐवजातल्या चार व्याख्या उतरवलेल्या असतात. त्या व्याख्या निवडलेल्या जिल्ह्यात चालतात का, हे मात्र कुणी तपासलेलं नसतं. मुलाखतीत आरआरसीचे सदस्य नेमकं तिथंच बोट ठेवतात आणि आपण गप्प होतो.

म्हणून आज एकच चौकट घेऊ आणि ती एका जिल्ह्यात नेऊन तपासू. समजा, तुमच्या सिनॉप्सिसचं शीर्षक आहे : 'कॅथलिक प्राथमिक शाळेतील श्रद्धासंवर्धन आणि समुदायजीवन : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक अभ्यास'. शीर्षक ऐकायला छान आहे. आता यातले दोन शब्द बाजूला काढू, 'श्रद्धा' आणि 'समुदाय'. बाकी सगळा लेख या दोन शब्दांवर आहे.

एक खुलासा आधीच करते. टीका म्हणजे दस्तऐवजाला नावं ठेवणं नव्हे. तो कुणी, कुणासाठी लिहिला, त्यात काय गृहीत धरलंय आणि ते गृहीतक आपल्या गावात टिकतं का, एवढंच बघायचं असतं.

दस्तऐवज काय म्हणतात?

या विषयावर काम करणारा जवळजवळ प्रत्येक जण दोन ठिकाणांहून सुरुवात करतो. पहिलं, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं शिक्षणाविषयीचं घोषणापत्र, 'ग्राविसिमुम एदुकात्सियोनिस', 28 ऑक्टोबर 1965. दुसरं, व्हॅटिकनच्या शिक्षण विभागाने 1988 मध्ये काढलेला, कॅथलिक शाळेतल्या शिक्षणाच्या धार्मिक परिमाणावरचा दस्तऐवज.

1965 च्या घोषणापत्रात आईवडील हे मुलाचे पहिले आणि मुख्य शिक्षक मानलेत. शाळा त्यांना मदत करते. कॅथलिक शाळेचं वेगळेपण कशात, तर स्वातंत्र्य आणि प्रेम यांनी भारलेलं एक वातावरण तिथं तयार व्हावं, यात. 1988 चा दस्तऐवज पुढं जातो. शाळा ही 'संस्था' आहे या कल्पनेकडून शाळा हा 'समुदाय' आहे या कल्पनेकडे चर्च वळलं, हे तो महत्त्वाचं पाऊल मानतो. प्राथमिक शाळेबद्दल तर तो स्पष्टच सांगतो की तिथलं वातावरण शक्य तितकं घरासारखं, कुटुंबासारखं ऊबदार असावं.

म्हणजे चौकट अशी : घर, चर्च आणि शाळा हा त्रिकोण. मूल घरात प्रार्थना ऐकतं, रविवारी चर्चमध्ये तीच प्रार्थना सगळ्यांबरोबर म्हणतं आणि शाळेत तिचा अर्थ शिकतं. तिन्ही बाजू एकमेकींना टेकू देतात. या वयाला वजनही आहे. पोप दहावे पायस यांनी 1910 मध्ये काढलेल्या आदेशात पहिल्या ख्रिस्तप्रसादाचं वय साधारण सात वर्षं धरलं. त्यामुळे मुलाच्या धार्मिक आयुष्यातला एक मोठा संस्कार आणि त्याची प्राथमिक शाळा एकाच काळात येतात. हा विषय माध्यमिक शाळेऐवजी प्राथमिक शाळेत का अभ्यासायचा, याचं हे नेमकं कारण आहे. सिनॉप्सिसमध्ये ते लिहायला विसरू नका.

त्रिकोण जुळतो तिथं : वसई

चौकट खोटी नाही. महाराष्ट्रातच ती चपखल बसते अशी जागा आहे. वसईतला कॅथलिक समाज पोर्तुगीज काळापासूनचा आहे. सोळाव्या शतकात त्याची सुरुवात झाली, 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत वसईचा किल्ला पोर्तुगिजांच्या हातून गेला, समाज मात्र तिथंच राहिला. 1998 मध्ये वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला. गावोगाव चर्च, चर्चच्या जवळ शाळा आणि भोवती त्याच धर्मग्रामातली घरं. वर्गातला शेजारी, मिस्सेतला शेजारी आणि गल्लीतला शेजारी, पुष्कळदा एकच मुलगा.

याचं उत्तम उदाहरण धाराशिवने स्वतः पाहिलेलं आहे. 10 ते 12 जानेवारी 2020 या काळात 93 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेव्हाच्या उस्मानाबादेत भरलं आणि अध्यक्षस्थानी होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. या पदावर बसलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. 1942 मध्ये वसई तालुक्यातल्या नंदाखालला जन्म, शिक्षण गावातल्याच सेंट जोसेफ या मराठी शाळेत, पुढं 1983 पासून 2007 पर्यंत 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, 'सुबोध बायबल'साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार. धर्मगुरू आणि मराठी लेखक अशी दोन वेगळी माणसं त्यांच्यात शोधावी लागत नाहीत. घरात, चर्चमध्ये आणि शाळेत एकच भाषा, एकच गाव, एकच माणसं असली की श्रद्धा आणि समुदाय एकमेकांत कसे मुरतात, हे त्यांच्याकडे बघून कळतं.

पण त्याच संमेलनात दुसरीही बाजू दिसली. अध्यक्षपदी ख्रिस्ती धर्मगुरू कसा, असा आक्षेप काही गटांनी घेतला. संमेलनाला जाऊ नये म्हणून उद्घाटक ना. धों. महानोर यांच्यावरही दबाव आला. दोघंही आले, संमेलन झालं. संशोधक म्हणून आपण यातून काय टिपायचं? वसईत 'कॅथलिक' हा शब्द शेजारधर्माचा भाग आहे. तोच शब्द मराठवाड्यात आला की माणसं आधी 'हा कुठून आला?' असं विचारतात. एकाच भाषेतला, एकाच राज्यातला शब्द, पण जिल्हा बदलला की त्याचं वजन बदलतं. मग वसईत जुळणारी चौकट धाराशिवात तशीच कशी जुळेल?

धाराशिव : तिन्ही बाजू सुट्या

आधी साधी माहिती. जिल्ह्यात आठ तालुके : धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा, वाशी. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 16,57,576. त्यात ख्रिस्ती एक टक्क्याहून कमी. संपूर्ण महाराष्ट्रातच तेव्हा ख्रिस्ती 10,80,073 होते, म्हणजे एक टक्क्याच्या आत. आणि जनगणनेच्या धर्मवार तक्त्यात 'ख्रिश्चन' एवढाच शब्द असतो. कॅथलिक किती, प्रोटेस्टंट किती, हे त्यात दिसत नाही. मराठवाड्यात दोन्ही परंपरा आहेत, तेव्हा हा आकडा 'कॅथलिक लोकसंख्या' म्हणून वापरला की पहिल्याच पानावर चूक झाली.

आता त्रिकोणाची एकेक बाजू घेऊ.

चर्चची बाजू : औरंगाबाद धर्मप्रांत 1977 मध्ये झाला आणि त्याचा पसारा मराठवाडाभर आहे. वसईत धर्मग्राम म्हणजे पायी फिरता येईल असं गाव. इथं मैलोन्‌मैल विखुरलेली घरं आणि त्यांच्यासाठी एखादं केंद्र. पुष्कळदा आधी सिस्टरांची शाळा, दवाखाना किंवा बोर्डिंग येतं आणि त्याभोवती जे काही जमतं त्यालाच समुदाय म्हणायचं. वसईत समुदायाने शाळा उभी केली. इथं शाळेने समुदाय उभा करावा अशी अपेक्षा असते. बाणाची दिशाच उलटी आहे, आणि दिशा उलटली की तुमचं 'स्वतंत्र चल' आणि 'आश्रयी चल' यांचीही अदलाबदल होते. प्रश्नावली तयार करण्याआधी हे ठरवावं लागतं.

घराची बाजू : बालाघाटच्या रांगेतल्या कळंब, भूम, वाशी, परंडा या पट्ट्यातून दर वर्षी ऊसतोडीला माणसं जातात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. गाळपाचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. पोरं एक तर सोबत फडावर जातात, नाहीतर आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात.

आता चर्चचं वर्ष याच्या शेजारी ठेवून बघा. नाताळच्या आधीचा आगमनकाळ नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला लागतो. नाताळ 25 डिसेंबरला. प्रायश्चित्तकाळ फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतो आणि ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. म्हणजे ज्या दिवसांत श्रद्धा घरात, अंगणात, गाण्यात दिसते, ते जवळजवळ सगळे दिवस हंगामाच्या आत पडतात. फडावर गेलेल्या मुलाच्या वाट्याला शाळेतला उरतो तो जून ते ऑक्टोबर, ज्याला चर्च 'सामान्य काळ' म्हणतं. अशा घरातलं एखादं ख्रिस्ती मूल तुमच्या नमुन्यात आलं, तर त्याच्या 'सहभागाचा' गुणांक कमी येईल. तुम्ही निष्कर्ष काढाल की श्रद्धासंवर्धन कमी पडलं. खरं तर कमी पडली ती हजेरी, आणि तिचं कारण चर्चच्या बाहेर आहे. 1988 चा दस्तऐवज शाळेला घरासारखं व्हायला सांगतो. सहा महिने ज्याचं घरच उसाच्या फडात कोपीत आहे, त्या मुलासाठी 'घरासारखं' म्हणजे नेमकं काय? हा प्रश्न दस्तऐवजात नाही. तो तुमच्या प्रबंधात असायला हवा.

शाळेची बाजू उरली. ती सगळ्यांत सोपी वाटते, कारण शाळेत रजिस्टर असतं. आणि खरी अडचण त्या रजिस्टरातच आहे.

धर्माचा रकाना

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये धर्म आणि जात यांचा रकाना असतो. पुढं शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तीच नोंद उतरते. आपल्याला वाटतं, कॅथलिक मुलं मोजायची तर रकाना बघा, संपलं काम.

थांबा. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरांपैकी मोठा भाग दलित समाजातून आलेला आहे. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, 1950 नुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही त्याबाहेर आहेत. हा दर्जा द्यावा का, हे तपासायला केंद्र सरकारने 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. दुसरीकडे, 26 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सी. सेल्वराणी प्रकरणात ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्या व्यक्तीने आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणं ही संविधानाशी फसवणूक आहे, असं म्हटलं. त्या खटल्यात पुरावा काय होता? लहानपणी झालेला बाप्तिस्मा आणि चर्चला नेमाने जाणं.

हे सगळं पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी एका रकान्यात गोळा होतं. आपल्याकडे जात वैधतेसाठी कागद किती मागचे लागतात, हे ज्याने ती फाईल केलीय त्याला सांगायला नको. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा मागतात, म्हणून लोक आजोबांच्या शाळेतल्या नोंदी शोधत फिरतात. म्हणजे आज केलेली नोंद साठ-सत्तर वर्षांनी कुणाच्यातरी नातवाच्या फाईलला लागणार आहे. हे आईवडिलांना नीट माहीत असतं. त्यामुळे तो रकाना 'तुझी श्रद्धा काय?' या प्रश्नाचं उत्तर असेलच असं नाही. तो 'या पोराच्या वाट्याला पुढं काय येईल?' या प्रश्नाचंही उत्तर असू शकतो.

आता संशोधक काय करतो? त्याला त्रिकोणीकरण शिकवलेलं असतं, एक माहिती दोन-तीन स्रोतांतून पडताळायची. तो म्हणतो, शाळेचं रजिस्टर आणि चर्चची बाप्तिस्म्याची नोंदवही जुळवून बघू. पद्धतीच्या पुस्तकाप्रमाणे हे अगदी बरोबर आहे. धाराशिवात ते धोक्याचं आहे. जी दोन कागदपत्रं आजवर वेगवेगळ्या कपाटांत होती, ती तुम्ही एका तक्त्यात आणलीत. तुमचा प्रबंध पुढं शोधगंगेवर चढणार. त्यात नावं नसतील, पण 'तालुक्यातली एकमेव कॅथलिक शाळा, चौथीचा वर्ग, मुलं सात' असं लिहिलंत तर गावातला कुणीही ती सात घरं दाखवेल. तुम्हाला पदवी मिळेल आणि एखाद्या मुलीचं प्रमाणपत्र अडकेल.

मला वाटतं या विषयात खरोखर पणाला लागलेलं काही असेल तर ते हे आहे. प्राथमिक शाळेतलं मूल संमती देऊ शकत नाही, पालक सही करतात, पण आपण कशावर सही करतोय हे त्यांना समजावून सांगणं तुमचं काम आहे. छापील फॉर्मवरची सही म्हणजे माहितीपूर्ण संमती नव्हे.

74 टक्क्यांचं काय करायचं?

आकड्यांबद्दल आणखी एक उदाहरण. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने 2021 मध्ये अल्पसंख्याक शाळांवर अहवाल काढला. त्यात देशभरातल्या ख्रिस्ती शाळांमधले सुमारे 74 टक्के विद्यार्थी ख्रिस्ती नाहीत, असं नोंदवलंय. आयोगाचा रोख असा की मग या शाळा अल्पसंख्याकांसाठी आहेत कुठं? संविधानाच्या कलम 30 चं संरक्षण आणि शिक्षणहक्क कायद्यातली सूट कशासाठी?

हाच आकडा 1965 च्या घोषणापत्राशेजारी ठेवला तर अर्थ फिरतो. तिथं नव्या प्रदेशांतल्या, कॅथलिक नसलेली मुलंही शिकतात अशा शाळांना चर्चच्या मनात खास जागा असल्याचं म्हटलंय. म्हणजे आयोगाच्या लेखी जे उद्दिष्टापासून ढळणं, ते घोषणापत्राच्या लेखी कामाचाच भाग.

तिसरं वाचन आपलं. आत्ताच बघितलं की धर्माचा रकाना सगळीकडे श्रद्धा मोजत नाही. मग रकान्यावर उभा असलेला कुठलाही टक्का मराठवाड्यात वापरताना 'नोंदीप्रमाणे' हा शब्द जोडायलाच हवा. तो आकडा वाढवायचा की कमी करायचा, हे आपण सांगत नाही. तो नोंदीचा आकडा आहे, मनाचा नाही, एवढंच सांगायचं. परीक्षेत 'दुय्यम सामग्रीच्या मर्यादा' असा प्रश्न आला तर पाठ केलेल्या पाच मुद्द्यांपेक्षा हे एक उदाहरण जास्त कामाला येईल.

वर्ग दोन भागांत जातो, तो तास

आता वर्गात येऊ. संविधानाच्या कलम 28 प्रमाणे, सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसायला लावता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. म्हणून कॅथलिक शाळांमध्ये सहसा दिसणारी व्यवस्था अशी : ठरलेल्या तासाला कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला जातात आणि बाकीच्यांना मूल्यशिक्षण असतं.

इथं 1988 च्या दस्तऐवजाला श्रेय द्यायला हवं. त्यात कॅथलिक नसलेल्या मुलांच्या धर्मस्वातंत्र्याचा आदर करायला सांगितलंय. आणि त्यात एक बारीक फरक केलाय, जो सिनॉप्सिसमध्ये बहुतेक वेळा हरवतो. धर्माविषयीचं शिक्षण वेगळं आणि श्रद्धेतली घडण, म्हणजे धर्मशिक्षण या शब्दाचा चर्चमधला अर्थ, वेगळी. पहिल्याचं उद्दिष्ट ज्ञान, ते शाळा देऊ शकते. दुसऱ्याला श्रद्धा जगणारा समुदाय लागतो, आणि तो शाळेच्या वेळेपेक्षा आणि भिंतींपेक्षा मोठा असतो. म्हणजे ज्या दस्तऐवजाचा आधार घेऊन आपण 'शाळेतील श्रद्धासंवर्धन' मोजायला निघालो, तोच सांगतोय की हे काम एकट्या शाळेचं नाही. मूळ वाचलं नाही, कुणाच्यातरी प्रबंधातून व्याख्या उचलली, की असा पेच होतो.

मात्र एक कमतरता दस्तऐवजाची स्वतःची आहे. 'वातावरण' कसं असावं हे तो संस्था चालवणाऱ्यांच्या जागेवरून सांगतो. मुलाच्या बाकावरून ते कसं दिसतं, याला त्यात फारशी जागा नाही. तो तास सुरू होताना वर्ग दोन भागांत उठतो. कोण कुठल्या रांगेत जाणार, हे ठरवायचं कशावरून? रजिस्टरवरून? मग रजिस्टरमध्ये एक आणि घरात दुसरं असलेलं मूल कुठं जाईल? शेजारची मैत्रीण दुसऱ्या खोलीत गेल्यावर तिच्याबद्दल ते काय बोलेल? समुदाय जोडण्यासाठी ठेवलेला तास वर्गाची फाळणी करतो का, की मुलं पाच मिनिटांत परत एकत्र डबा खायला बसतात? मला विचाराल तर सगळा प्रबंध या एका तासावर उभा राहू शकतो.

श्रद्धा मोजायची कशी?

बरेच जण पाचबिंदू मापनश्रेणी घेऊन जातात. 'मला प्रार्थना करायला आवडते : पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत.' आठ वर्षांचं मूल, समोर सिस्टर उभ्या, हातात कागद. ते काय लिहिणार? त्याला बरोबर उत्तर माहीत आहे, तेच ते देणार. हे मुलाचं खोटं बोलणं नव्हे, साधनाचा दोष आहे.

प्रश्नोत्तरातून धर्म शिकवण्याची पद्धत आपल्या भागात चारशे वर्षं जुनी आहे. गोव्यात येऊन राहिलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध मराठी 'क्रिस्तपुराण' 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. त्यांचीच कोकणीतली 'दौत्रिन क्रिस्तां' ही प्रश्नोत्तररूप पुस्तिका त्यांच्या मृत्यूनंतर, 1622 मध्ये निघाली. एकच लेखक, दोन वाटा. पुस्तिकेतली उत्तरं पाठ करायची. पुराण मात्र सर्वांनी मिळून ऐकायचं, त्याची गोष्ट मनात घोळवायची. आपली प्रश्नावली पुस्तिकेच्या वाटेने जाते आणि पाठांतर मोजून येते. पुराणाच्या वाटेवर काय घडतं ते तिला पकडता येत नाही.

ते पकडायला निरीक्षण लागतं. नाताळचा गोठा करताना माती कोण आणतं? परिपाठाला कुठल्या प्रार्थना होतात आणि कुठली म्हणताना कोण ओठ मिटून उभं राहतं? वर्गातल्या मुलाचे आजोबा वारले तर मुलं-शिक्षक घरी जातात का? हंगाम संपवून एप्रिलमध्ये परतलेल्या पोराला कुणी विचारतं का, 'नाताळला कुठं होतास रे?' यातली एकही गोष्ट श्रेणीत बसत नाही, आणि समुदायजीवन म्हणतात ते यातच असतं.

मग सिनॉप्सिस कसा बदलेल?

शीर्षक : 'कॅथलिक संस्थेच्या प्राथमिक शाळेतील धर्मशिक्षण-मूल्यशिक्षणाचा तास : मराठवाड्यातील एका जिल्ह्यातील अभ्यास'. जिल्ह्याचं नावही काढलंय. ख्रिस्ती घरं इतकी थोडी आहेत की नाव राहिलं तर गुप्तता राहत नाही.

उद्दिष्टं तीन पुरेत. शाळा 'आपला समुदाय' म्हणून कुणाकुणाला धरते, हे परिपाठ, सण आणि पालकसभा यांतून समजून घेणं. विभागलेल्या तासाचा मुलांच्या परस्परसंबंधांशी काय नातं आहे, ते पाहणं. चर्चचं वर्ष, शाळेचं वर्ष आणि कष्टकरी घराचं वर्ष ही तीन कॅलेंडरं कुठं जुळतात आणि कुठं तुटतात, ते मांडणं. यासाठी एक पूर्ण वर्ष शाळेत जावं लागेल. जुलैमध्ये जाऊन आलेल्या संशोधकाला एक शाळा दिसेल, जानेवारीत गेलेल्याला दुसरी.

पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य ठळक लिहा : शाळेचं रजिस्टर आणि चर्चची नोंदवही यांतल्या वैयक्तिक नोंदी जुळवल्या जाणार नाहीत. मार्गदर्शक विचारतील, 'मग माहितीची विश्वसनीयता?' त्यांना सांगा की मुलाची सुरक्षितता आधी येते, आणि या अभ्यासाला वैयक्तिक नोंदीची गरजच नाही, कारण आपण मुलं मोजत नाही, तास समजून घेतोय.

आणि व्हॅटिकनचे दस्तऐवज? ते ठेवा, काढू नका. फक्त त्यांची जागा बदला. ते 'संकल्पनात्मक चौकट' या मथळ्याखालून उचलून तुमच्या सामग्रीत टाका. शाळा चालवणारी माणसं ते वाचतात, त्यांवरून वार्षिक आराखडे करतात, म्हणून तेही अभ्यासाचा विषय आहेत. तुमची चौकट मात्र धाराशिवच्या मातीत उभी राहायला हवी, जिथं घर, चर्च आणि शाळा यांच्यामध्ये उसाचा फड, तहसील कचेरी आणि जात पडताळणी समितीही उभी आहे.

सरावासाठी एक काम देते. तुमच्या स्वतःच्या सिनॉप्सिसमधला सगळ्यांत मोठा शब्द घ्या, 'समुदाय', 'सहभाग', 'सक्षमीकरण', जो असेल तो. तो तुमच्या जिल्ह्यात कुठल्या महिन्यात, कुठल्या कागदावर आणि कुणाच्या तोंडी सापडतो, हे एका पानात लिहा. पान भरलं नाही, तर शब्द बदला.